टोमॅटोची कोशिंबीर : ताटाच्या डाव्या बाजूचा इतिहास



वसंत व्याख्यानमालांच्या व्यासपीठांवरून आजवर वेदान्त झाला, अर्थशास्त्र झाले, शिवकाल आणि पेशवाई झाली. अशा परंपरेत 'टोमॅटोची कोशिंबीर' हा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून काहींना ती छापखान्याची चूक वाटली असेल. चूक नाही. शिवाय माझ्या बाजूने मी एक साक्षीदारही आणला आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ते साल १८७५. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' हे मराठी पाकशास्त्राचे पुस्तक निघाले, तेही साल १८७५. व्याख्यान आणि स्वयंपाक ही आपल्याकडे जुळी भावंडे आहेत. एकाला फक्त मांडव मिळाला आणि दुसऱ्याला माजघर.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. ज्या कोशिंबिरीला आपण अगदी घरची, साधी, दहा मिनिटांत होणारी म्हणतो, तिच्यातला मुख्य पदार्थ शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या बहुतेक घरांना परका होता. तो आपला झाला तो सरकारी ठरावाने नव्हे, सभेने नव्हे, शास्त्र्यांच्या निर्णयाने तर नव्हेच. स्वयंपाकघरातल्या बायकांनी तो हळूहळू आपला केला. त्यांनी तो कसा केला, हे पाहणे म्हणजे परके आपले कसे होते याचा एक धडा वाचणे होय.

आधी वाडग्यात काय काय आहे त्याची मोजदाद करू. टोमॅटो अमेरिकेचा. हिरवी मिरची अमेरिकेची. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. कोथिंबीर आणि जिरे फार प्राचीन काळी भूमध्य समुद्राच्या आणि पश्चिम आशियाच्या बाजूने आलेले. हिंग इराण-अफगाणिस्तानचा, तो आपल्या देशात हिमाचलात लावून पाहण्याचा उपक्रम सुरू झाला तोच २०२० साली. साखर करण्याची कला मात्र भारताने जगाला दिली, आणि मीठ आपल्या आगरांतले. म्हणजे या घरगुती वाडग्यात घरचे कोण आणि पाहुणे कोण, हे ठरवायला बसलो तर जेवणाची वेळ टळून जाईल. उपवासाचे ताट घ्या. बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची, आणि ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, ही सगळी मंडळी कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीपूर्वी आपल्याकडे कोणाला ठाऊक नव्हती. तरी एकादशीला त्यांच्याविना आपले पान हलत नाही!

टोमॅटोचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम बाजूला, अँडीज पर्वताच्या आसपास उगवत. त्याला मोठे, रसाळ रूप आले ते मेक्सिकोत. तिथल्या अ‍ॅझ्टेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेत 'तोमात्ल' म्हणजे गोल, रसरशीत फळ, आणि आपल्या या तांबड्या टोमॅटोला ते 'शितोमात्ल' म्हणत. त्यांच्या राजधानीला लागून त्लातेलोल्को येथे एक बाजार भरे. तो पाहून स्पॅनिश सेनानी कोर्तेस थक्क झाला. तिथे रोज साठ हजारांवर माणसे देवघेव करतात, असे त्याने १५२० साली आपल्या राजाला कळवले. पुढल्याच वर्षी त्याने ते शहर जिंकून धुळीला मिळवले.

शहर गेले, पण त्या बाजाराचे वर्णन राहिले. बेर्नार्दिनो दे साआगून नावाच्या स्पॅनिश पाद्र्याने तिथल्याच जाणत्या लोकांना हाताशी धरून अ‍ॅझ्टेक जीवनाचा बारा भागांचा प्रचंड ग्रंथ तयार केला. त्यात टोमॅटो विकणारासुद्धा आहे. चांगला विक्रेता कोणता आणि लबाड कोणता, हेही त्यात सांगितले आहे. लबाड असेल तो ठेचलेली, नासकी, पोट बिघडवणारी फळे गळ्यात मारतो. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीचा हा मजकूर मंडईतून नुकत्याच परतलेल्या कुणा गृहिणीने लिहिला असावा असे वाटते. त्याच ग्रंथात बाजारातल्या तयार कालवणांचीही नोंद आहे. टोमॅटो, मिरची आणि भोपळ्याच्या बियांची पूड यांचे एकत्र कालवण तिथे होत असे.

श्रोतेहो, इथे क्षणभर थांबा. टोमॅटो, मिरची आणि तेलयुक्त दाण्याची पूड! आपल्या कोशिंबिरीत भोपळ्याच्या बियांच्या जागी शेंगदाणा आला, एवढाच फरक. ही कृती कुणी मेक्सिकोहून महाराष्ट्रात आणली असे मी म्हणत नाही. आंबट रसाला तिखटाने जाग आणावी आणि दाण्याच्या पुडीने अंग द्यावे, हे दोन दूरच्या मुलुखांतल्या बायकांना आपापल्या ठिकाणी उमगले. शेंगदाण्याचे नावच पाहा. अ‍ॅझ्टेक लोकांनी त्याला ओळखीच्या कोकोच्या बीवरून 'जमिनीतला कोको' म्हटले, आणि आपण त्याला ओळखीच्या मुगावरून 'भुईमूग' म्हटले. अनोळखी वस्तूला ओळखीच्या वस्तूचे नाव देणे हा तिला घरात घेण्याचा पहिला संस्कार. मिरीवरून मिरची झाली ती अशीच.

युरोपात टोमॅटो गेला तो स्पॅनिश गलबतांतून. तिथे त्याचे स्वागत संशयानेच झाले. आपल्या धोतऱ्याच्या कुळात विषारी झाडे असतात. त्या कुळातली काही विषारी झाडे युरोपियनांना चांगली माहीत होती, आणि टोमॅटोचे पान-फूल त्यांच्यासारखेच दिसे. इंग्लंडातल्या जॉन जेरार्डने १५९७ च्या आपल्या वनस्पतिग्रंथात या झाडाच्या वासाला नाके मुरडली. पण इटलीत मात्तिओली नावाच्या वैद्याने १५४४ सालीच त्याची नोंद केली होती. त्याने या नव्या फळाला वांग्याचा एक प्रकार मानले, आणि लोक ते वांग्यासारखेच मीठ, मिरी आणि तेल घालून खातात, असे सांगितले. पुढे दीडशे वर्षांनी, १६९० नंतरच्या दशकात, नेपल्सच्या अंतोनिओ लातिनीने एक कृती छापली. निखाऱ्यावर भाजून सोललेले टोमॅटो, बारीक कांदा, मिरची, मीठ, तेल आणि व्हिनेगर. भरितच म्हणा ना!

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला अटलांटिक ओलांडून घरी येववत नाही. अमेरिकेत १८८३ च्या कायद्याने परदेशी भाजीवर दहा टक्के जकात बसली. ताज्या फळाला ती नव्हती. न्यूयॉर्कच्या एका आयातदाराने दावा लावला की टोमॅटो हे फळ आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १८९३ साली निकाल लागला. वनस्पतिशास्त्र काही म्हणो, टोमॅटो जेवणात मुख्य अन्नाबरोबर वाढतात, शेवटच्या गोड फळांबरोबर नव्हे. सबब ती भाजीच! न्यायमूर्तींनी नकळत एक मोठे तत्त्व सांगून टाकले. पदार्थ कोण आहे हे त्याच्या बीजावरून ठरत नाही, तो ताटात कुठे वाढला जातो यावरून ठरते.

आता आपल्या ताटाकडे वळू. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतल्यानंतर त्यांच्या वाटेने पुष्कळ वस्तू आल्या, आणि त्यांतल्या कित्येक आपली पोर्तुगीज नावे घेऊन मराठीत राहिल्या. बटाटा, काजू, अननस ही त्यांपैकी. पण 'टोमॅटो' हा शब्द पाहा. स्पॅनिश-पोर्तुगीजांचा उच्चार 'तोमाते'; आपला शब्द इंग्रजी वळणाचा. म्हणजे हा पाहुणा मराठी घरात शिरला तो गोव्याच्या गलबतातून थेट नव्हे, साहेबाच्या बंगल्यातून, असे शब्दच सुचवतो. जॉर्ज वॅट यांचा हिंदुस्थानातील उपयुक्त मालाचा मोठा कोश १८८९ ते १८९३ या काळात प्रसिद्ध झाला. त्यातही टोमॅटोची लागवड मुख्यतः युरोपियनांसाठी होते, 'नेटिव' लोकांना त्याची गोडी आता कुठे लागू पाहते आहे, आणि बंगाली व ब्रह्मी लोक तो आंबट कालवणात घालतात, अशा अर्थाची नोंद आहे.

बंगाल्यांनी त्याला नाव दिले 'बिलिती बेगुन', विलायती वांगे. आणि आपल्या जुन्या माणसांच्या तोंडी होते 'वेलवांगी'. इटलीचा वैद्य, बंगालची गृहिणी आणि महाराष्ट्रातला माळी यांनी एकमेकांना न विचारता या फळाला वांग्याच्या घरी नेऊन बसवले! आणि तिघेही बरोबर ठरले. आजचे वनस्पतिशास्त्र वांगे आणि टोमॅटो यांना 'सोलॅनम' या एकाच प्रजातीत घालते.

पण नाव मिळाले म्हणून जागा मिळते असे नाही. बंगालमध्ये आंबट कालवण हे त्याचे दार झाले. आपल्याकडे आमटीला आंबटपणा द्यायला चिंच होती, आमसूल होते, कैरी होती. तिथे नव्या उमेदवाराला जागा रिकामी नव्हती. मग तो शिरला कुठून? माझा तर्क असा की ताटाच्या डाव्या बाजूने.

आपल्या ताटाची रचना मोठी शहाणपणाची आहे. उजवीकडे भाजी-आमटी, मध्ये भात-पोळी, आणि डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर. डावी बाजू म्हणजे थोडे थोडे वाढण्याची बाजू. तिथला पदार्थ आवडला नाही तर जेवण बिघडत नाही. आवडला तर दुसऱ्यांदा मागता येतो. उमेदवारी करायला याहून चांगली जागा कोणती? आणि कोशिंबीर हा साचा तर फार जुना आणि लवचीक. कानडीतली कोसंबरी तिची सख्खी बहीण. काकडी, मुळा, गाजर, केळे, आवळा, जे हाती येईल ते चिरावे, त्याला मीठ-तिखट, कूट किंवा खोबरे, वर फोडणी. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने 'मानसोल्लास' रचला. त्यात राजाच्या भोजनाची केवढी तरी वर्णने आहेत, पण टोमॅटो नाही आणि मिरचीही नाही, कारण त्या वेळी त्या समुद्रापलीकडे होत्या. साचा आधी होता. सामग्री मागून आली. परक्याला सामावून घ्यायचे ते स्वतःचा साचा मोडून नव्हे, साचा जागता ठेवून, हे आपल्या बायकांनी न बोलता दाखवले.

हे काही बिनविरोध झाले नाही. १९५५-६० च्या सुमारास, माझ्या लहानपणी, आमच्या घरात टोमॅटो येई, पण आजी त्याला शिवत नसे. 'चिरलं की मांसासारखं दिसतं,' म्हणायची. तसे म्हणणाऱ्या वृद्धा त्या काळी घरोघर होत्या. आई वाद घालीत नसे. ती आमच्या पानांत कोशिंबीर वाढी आणि आजीच्या पानाची ती जागा मोकळी ठेवी. अशी काही वर्षे गेली. एका उन्हाळ्यात घरात काकडी नव्हती, लिंबूही नव्हते. आजी म्हणाली, 'ते वेलवांगं चिर. पण कूट मी घालीन.' तिने घातले, चाखले, आणि काही बोलली नाही. आम्ही मुलांनी जिंकल्याचा आनंद मानला. पण खरी गंमत पुढेच झाली. आषाढ उजाडला, चातुर्मास लागला, आणि आजीने फर्मावले, 'आता टोमॅटो बंद. वांग्याचंच भावंड ते. वांगं नाही तर तेही नाही.' आई म्हणाली, 'अहो, शास्त्रात कुठं टोमॅटो आहे?' आजी म्हणाली, 'शास्त्रात नसेल. घरात आहे ना?'

त्या वेळी आम्ही हसलो. आज मला वाटते, टोमॅटो आमच्या घरचा झाला तो आजीने खाल्ला त्या दिवशी नव्हे, तिने तो चातुर्मासात वर्ज्य केला त्या दिवशी. परक्याला नियम नसतात. नियम घरच्यांना असतात.

आता कृतीकडे येतो. नाही तर घरी गेल्यावर विचारतील, तासभर बोलले, पण करायची कशी ते सांगितलेच नाही.

चार माणसांना मध्यम आकाराचे चार टोमॅटो पुरे. ते बोटाला घट्ट पण देठापाशी नाक नेले असता वास देणारे हवेत. वास नसेल तर चवही नसते. पिकलेला टोमॅटो थंड कपाटात ठेवू नये. थंडीने त्याचा वास निर्माण करणारी घडण मंदावते आणि फळ नुसते लाल पाणी होते. विळीला किंवा सुरीला धार असावी. बोथट पात्याने फळ चिरत नाही, चेंगरते. बारीक फोडी कराव्यात, पण बियांभोवतालचा गर टाकू नये. पुष्कळजण तो पाणचट समजून टाकतात. खरी रुची त्याच गरात अधिक असते.

फोडींत एक-दोन हिरव्या मिरच्या, मूठभर चिरलेली कोथिंबीर, अर्धा चमचा साखर आणि भाजून सोललेल्या दाण्यांचे दोन-तीन चमचे जाडसर कूट. साखर गोड करण्यासाठी नाही, आंबटाची धार बोथट करण्यासाठी. मीठ मात्र पाने मांडल्यावर. टोमॅटोत शेकडा चौऱ्याण्णव-पंच्याण्णव भाग पाणी. मीठ पडताच ते बाहेर ओढले जाते, आणि अर्ध्या तासात कोशिंबिरीचे सार होते. कूट त्यातले थोडे पाणी धरून ठेवते. आपल्या आज्यांना या क्रियेचे शास्त्रीय नाव ठाऊक नव्हते, पण मीठ केव्हा घालायचे ते ठाऊक होते. शेवटी चमचाभर तुपाची किंवा तेलाची फोडणी. मोहरी तडतडली की जिरे आणि हिंग. स्नेहाचा अंश असला म्हणजे टोमॅटोचे तांबडे द्रव्य अंगी अधिक लागते, हे आता प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. दही हवे असेल तर आयत्या वेळी. आणि भांडे चिनी मातीचे, काचेचे किंवा स्टीलचे. कल्हई उडालेल्या पितळेत आंबट पदार्थ कळकतो. जुन्या बायकांना टोमॅटोविषयी जो धाक होता, त्यातला थोडा या पितळेने घातला असावा, असा मला संशय आहे.

एवढी ही कृती. पण मंडळी, ही कृती आज दोन बाजूंनी धोक्यात आहे, आणि तेवढे सांगून मी संपवणार आहे.

पहिला धोका शेतात आणि बाजारात आहे. भारत आज टोमॅटोच्या उत्पादनात चीनखालोखाल जगात दुसरा आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने 'भाग्यश्री', 'धनश्री' अशी वाणे दिली. नारायणगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारांतून क्रेटच्या क्रेट देशभर जातात. पण ऑगस्ट २०२१ मध्ये भाव किलोला दोन-तीन रुपयांवर आला आणि नाशिककडच्या शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला. जुलै २०२३ मध्ये तोच टोमॅटो शंभर रुपयांच्या वर गेला आणि आपण कोशिंबीर बंद केली. ओतला तेव्हा आपण हळहळलो, महागला तेव्हा रागावलो. दोन्ही वेळा शेतकऱ्याच्या घरी काय शिजले हे कोणी विचारले नाही. शिवाय लांबच्या प्रवासाला टिकावा म्हणून जाड सालीचा, आणि एकसारखा लाल दिसावा म्हणून निवडलेला टोमॅटो जगभर लावला गेला. २०१२ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की एकसारखा रंग येण्यासाठी जो गुण दशकानुदशके निवडला गेला, त्याच्या पायी फळातली साखर घटली. आपण रूप निवडले आणि रुची घालवली. डोळ्यांनी बाजार करणाऱ्या आपणा सर्वांचा त्यात वाटा आहे.

दुसरा धोका घरात आहे, आणि तो मला अधिक जवळचा वाटतो. आईच्या मागे मला तिची पाककृतींची वही सापडली. तीत अनारसे होते, चिरोटे होते, तीन प्रकारचे लाडू होते. कोशिंबीर नव्हती. कशी असणार? रोज होणारी गोष्ट कोण लिहून ठेवतो? सणाचे कागदावर जाते, रोजचे हातात राहते, आणि हात थांबला की जाते. वॅटसाहेबांनी टोमॅटोची नोंद केली म्हणून आपल्याला त्याचा सरकारी इतिहास कळतो. पहिल्यांदा त्यावर कूट घालून पाहणारी बाई कोण, कुठल्या गावची, तिला घरात कोण काय बोलले, हे आपल्याला कधीच कळणार नाही. राज्ये घेणाऱ्यांची नावे राहिली. ताटात जागा देणारीचे नाव राहिले नाही.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. आज घरी गेल्यावर घरातल्या वडीलधाऱ्या बाईला, नाही तर पुरुष करीत असेल तर त्याला, विचारा : कोशिंबीर तुम्ही कोणाकडून शिकलात? साखर घालता का? मीठ केव्हा घालता? चातुर्मासात टोमॅटो चालत होता का? जे सांगतील ते तारीख घालून एका वहीत लिहून ठेवा. शंभर घरांत अशा शंभर वह्या झाल्या, तर पुढच्या एखाद्या वसंतात या विषयावर माझ्याहून चांगले बोलणारा कोणी उभा राहील, आणि त्याला माझ्यासारखे तर्कावर भागवावे लागणार नाही.

उन्हाळ्याचे दिवस आहेत, रात्रही झाली आहे. आपली पाने घरी वाढून तयार असतील. डाव्या बाजूला जे वाढले असेल, त्याच्याकडे आज एकदा नीट पाहा, आणि मग मीठ घाला.